बद्द

फिल्म उजेडाला धरली
आणि माझ्याआधी बाबल मेस्तच बोलले,
"फळी गेली हा."
खालचा जबडा, उजवी बाजू,
काजूच्या बीएवढं काळं,
गालाकडची भिंत नखाइतकी पातळ.
चाळीस वर्षं दांडीच्या वाळूत होड्या सांधणाऱ्याला
पोकळी कशाला समजावायची!

तरी समजावली.
गाठ काढायची, मग खड्डा भरायचा.
"कशान?"
टेबलावर बाटल्या मांडल्या.
बघायला सगळ्यांत एकच :
जाडं मीठ.

"ह्या खंयचा?"
गुरांच्या हाडाचं.
भट्टीत घालून मांस, चरबी, वास, सगळं जाळलेलं,
उरलेली नुसती जाळी.
फार सावकाश विरतं,
दहा वर्षांनीही सापडतं कधी कधी.
ते खिडकीतून भरडावरची गर्दी बघत राहिले.
घरी गाय आहे, व्यायला झालेली.
"घरात सांगूचा नाय," म्हणाले.
नकार नव्हता तो.
होकारही नसावा.

पोवळ्याच्या बाटलीवर मात्र हसले.
"किल्ल्यामागे बुडी मारलंय की ह्याच पायाक लागता.
आता तोंडात?"
मी सांगू लागले, ह्याची छिद्रं हाडासारखीच,
रक्त आत शिरतं, वाट धरतं...
"शिंपल्याचो चुनो पानात घालतंवच की!"
पानाचं नाव काढू नका, मी म्हटलं.
गाठीपेक्षा मला त्याचाच राग होता.

कारखान्यात बनवलेलं?
ते लवकर विरघळतं,
कधी कधी नवं हाड पोचायच्या आत.
"अर्ध्या हंगामात पळता तो खलाशी."
बाटली त्यांनीच बाजूला सारली.

एक मी जरा मागे ठेवली होती.
माणसाचं.
मेल्यावर दिलेलं, तपासलेलं, वाळवलेलं.
"तेचा नाव?"
नाव नसतं. नंबर असतो.
त्यांनी चष्मा लावला,
ओठ हलवत तो नंबर वाचला, शेवटच्या आकड्यापर्यंत.
ह्यांचा धाकटा भाऊ दर्यातून परत आला नाही,
काहीच आलं नाही त्याचं,
हे मला बाहेर बसलेल्या त्यांच्या सुनेने सांगितलं होतं.
"ह्येच्या घरच्यांका ठावक आसा?"
मला उत्तर येत नव्हतं.
बाटली त्यांनी होती त्याच जागी ठेवली,
लेबल माझ्याकडे करून.

आणि तुमचं स्वतःचं, मी म्हटलं.
अक्कलदाढेच्या मागून खरवडून घेता येतं.
जिवंत असतं. सगळ्यांत चांगलं तेच.
"चांगला, पण थोडा.
आणि काढलास थंय नवो खड्डो."

हो.

मग होडीचंच बोलत बसले.
जुन्या होडीची फळी लगेच ठोकायची नाही,
हंगामभर तिच्या शेजारी, तिच्याच वाऱ्यात ठेवायची,
नाहीतर पाणी लागलं की
दोघी वेगवेगळ्या फुगतात.
"आपला मूठभर, परक्याचा मूठभर.
सांधो असोच धरता."
एवढंच वाचायला मला
तक्त्यासकट चार पानं लागली होती.

तसंच केलं.
कुठली बाटली उघडली ते केसपेपरवर आहे.
इथे लिहीत नाही.

सात महिन्यांनी आले.
बांगडे आणले होते, ते कंपाउंडरने आधीच ताब्यात घेतले.
मी आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केलं.
त्यांनी डोळे मिटले,
मान जरा कलती केली,
होडीच्या बुडाला मोगरी मारून
कुजकं लाकूड ऐकतात तशी.
"परत."
टक.
"हंगा बरा. आता मागे."
टक.
"मागच्या कडेक अजून बद्द वाजता."

मी नवी फिल्म पुन्हा उजेडाला धरली.
काळं जाऊन करडं आलेलं, भिंत भरलेली,
आणि तिथेच, मागच्या कडेला,
दाणे अजून
दाण्यांसारखेच.